कडक उन्हाळा म्हणजे कोरडा उन्हाळा नव्हे

(किनारपट्टीवरच्या मैत्रिणींसाठी रेडिओवर केलेलं भाषण)

शिमगा झाला, पालख्या देवळात परतल्या आणि ऊन तापायला लागलं. आता पाडव्यापासून मिरगापर्यंतचे दिवस आपल्या वाळवणाचे. कुणाच्या अंगणात कुरडया-सांडगे, कुणाच्या वलांडीवर बोंबील, कुणाचा जवळा खळ्यात, आणि मे महिन्यात घरोघरी आमसुलं. त्यातून होड्या दर्यात जाणार फक्त ३१ मेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणजे ते दोन महिने चूल पेटायची ती या दिवसांतल्या कमाईवर. म्हणून आज हवामानाबद्दल बोलूया.

माझ्या जावेची गोष्ट सांगते. एका वर्षी मार्चमध्ये बातम्यांत सांगितलं, की यंदा उन्हाळा कडक आहे. ती खूश झाली. मेमध्ये भरपूर जवळा घेतला, खळ्यात पसरला आणि दुपारी शेजारच्या गावी लग्नाला गेली. संध्याकाळी वळीव आला. परत येऊन बघते तर जवळ्याचा चिखल. मला म्हणाली, "हवामानवाले खोटं बोलतात." पण ते खोटं बोलले नव्हते. उन्हाळा कडकच होता. चूक एवढीच झाली, की तीन महिन्यांच्या अंदाजावर तिने एका दुपारचा निर्णय घेतला.

अंदाज एकाच प्रकारचा नसतो. फेब्रुवारी संपता संपता हवामान खातं मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज देतं. त्यात सांगतात, की कोकणात तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता आहे, किंवा उष्णतेच्या लाटेचे दिवस जास्त असू शकतात. ही सरासरी १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली असते. या अंदाजाचा अर्थ कसा घ्यायचा? महिन्याच्या सुरुवातीला आपल्याला कळतं ना, की या महिन्यात लग्नसराई आहे, खर्च वाढणार? पण पाहुणे कुठल्या दिवशी दारात उभे राहतील ते नाही कळत. तसंच हे. पाणी किती साठवायचं, छपरावर झावळ्या घालायच्या का, अशा गोष्टी या अंदाजावर ठरवा. आज जवळा पसरायचा का, हे मात्र रोजच्या अंदाजावर. तो पुढच्या चार-पाच दिवसांचा असतो आणि रोज बदलतो.

आता उन्हाचं बघू. समुद्र शेजारी असून आपल्याकडे एवढं का तापतं? सगळा खेळ वाऱ्याचा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. हे मतलई वारे. सकाळी ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा फिरतो, समुद्राकडून आत येतो. हे खारे वारे. रोज अकरा-बाराच्या सुमारास ही झुळूक आली की जीव जरा गार होतो. पण मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडून, घाटावरून, कोरडा गरम वारा जोरात वाहतो आणि समुद्राच्या झुळुकीला आत येऊच देत नाही. ती एक-दोन वाजेपर्यंत अडकून पडते. तोवर पारा चढत राहतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. मे नव्हे, मार्च! मेमध्ये वारे पश्चिमेचे होतात, पारा थोडा खाली राहतो, पण हवेत दमटपणा इतका, की अंगावरचा घाम सुकत नाही. आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही.

म्हणूनच उष्णतेच्या लाटेचं माप किनाऱ्याला वेगळं आहे. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर गेल्याशिवाय लाट म्हणत नाहीत. किनाऱ्यावर ३७ अंश किंवा जास्त, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, की लाट धरतात. तेव्हा "विदर्भात पंचेचाळीस आहे, आपल्याकडे अडतीसच" असं म्हणून हसू नका.

ज्या बाया टोपली घेऊन बाजारात बसतात त्यांना एक सांगते. जवळ मुतारी नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता बसायचं, ही आपली सवय. उन्हाळ्यात ती जिवावर बेतते. पाणी प्या, ताक, कोकमाचं सरबत घ्या, आणि बाजारात मुतारी हवी म्हणून ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून बोला. कुणाचं अंग तापून फणफणलं, ती बरळायला लागली, उभं राहता येईना, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता वळीव. उन्हाने जमीन तापते, समुद्राकडून ओलसर हवा आत जाते, ती सह्याद्रीवर चढते आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. म्हणजे ऊन जितकं कडक, तितकी वळवाला जागा. तीन-चार वाजता पूर्वेला डोंगरावर काळे, उंच ढग दिसले की वाळवण गोळा करायला घ्या. विजेची सूचना देणारं 'दामिनी' नावाचं ॲप पुण्याच्या संस्थेने काढलेलं आहे. मुलांना सांगून फोनवर घालून घ्या. गडगडाट ऐकू आला की खळ्यातून घरात. जवळा पुन्हा मिळेल.

आता दर्या. या दिवसांत तो वरून शांत दिसतो. पण कधी इथे वारा नसताना मोठ्या लाटा येऊन किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांना धडका देतात. त्या लाटा आपल्याकडच्या नसतात. पार दक्षिणेला, हिंदी महासागरात झालेल्या वादळाने उठवलेल्या असतात आणि काही दिवस प्रवास करून येतात. केरळात अशा दर्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. पण या चोराची चाहूल आधी लागते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था त्याचा इशारा देते. त्यातच अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं तर पाणी आणखी वर येतं. इशारा आला की होड्या वर ओढा, जाळी आणि सुकी मासळी उंचावर ठेवा.

राहिलं चक्रीवादळ. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी खूप तापतं आणि वादळाला बळ मिळतं ते त्या गरम पाण्यातून. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. २०२१ साली मेच्या मध्याला तौक्ते आपला किनारा झोडपत गुजरातला गेलं. दोन्ही मोसमी पावसाच्या तोंडावर. मेचा शेवटचा पंधरवडा म्हणजे घरातल्या पुरुषांना बंदीआधी जेवढं मिळेल तेवढं आणायची घाई. पण वादळ तीन महिने आधी कुणी सांगू शकत नाही, दोन-चार दिवस आधी सांगतात. तेव्हा "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" असं सांगितलं किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, तर होडी किनाऱ्यावरच राहू द्या. "कालपर्यंत तर दर्या शांत होता," हे कारण धरू नका.

रंगही लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हाला.

शेवटी एक विनंती. प्रत्येक आळीत एकीने रोज सकाळी अंदाज ऐकायचा आणि पाण्यावर जाता जाता बाकीच्यांना सांगायचा. आठवड्याने पाळी बदलायची. माझी जाऊ आता आमच्या आळीचं हे काम करते. सकाळी अंदाज ऐकते, दुपारी डोंगराकडे बघते, आणि लग्नाला जायचं असेल तर खळ्यावर ताडपत्री ठेवून आणि शेजारणीला सांगूनच निघते.

पुन्हा भेटू. काळजी घ्या. नमस्कार.