बॉडी लोशनमध्ये नेमके काय असते?

बॉडी लोशनमध्ये सर्वांत जास्त असते ते पाणी. बाजारात मिळणाऱ्या साधारण लोशनमध्ये त्याचे प्रमाण सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत असते. उरलेल्या भागात ओलावा धरणारी द्रव्ये, तेले, मेणे, पाणी आणि तेल एकत्र ठेवणारे पदार्थ, परिरक्षके आणि सुगंध येतात. बाटलीच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत पंचवीस-तीस नावे छापलेली असली, तरी त्यांना वाटून दिलेली कामे पाच-सहाच असतात. ती कामे समजली की महाग बाटली आणि स्वस्त बाटली यांत खरा फरक किती, हेही कळते.

या माहितीचा सर्वांत जास्त उपयोग जिथे हिवाळा कोरडा असतो तिथे होतो. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर मंडल हा असाच भाग आहे. पैनगंगेच्या अलीकडे भीमपूर आणि पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा इथे शेजारी-शेजारी बोलल्या जातात. तेलंगणात सर्वांत जास्त थंडी पडणाऱ्या जागांमध्ये या मंडलातील अर्ली गावाचे नाव वरचेवर येते. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एकेरी आकड्यांत उतरतो. कापसाची वेचणी याच दिवसांत चालते. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरखडे काढतात, सकाळी कढत पाण्याची अंघोळ होते आणि संध्याकाळी शेकोटी पेटते. हात, ओठ आणि टाचा उलायला एवढी कारणे पुरतात.

कातडी कोरडी का पडते?

त्वचेचा अगदी वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. अंगाच्या बहुतेक भागावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाएवढीच भरते. छपरावरच्या कौलांसारख्या या पेशी एकावर एक चढलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध द्रव्यांनी बुजवलेल्या असतात. पेशींच्या आत अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टिक आम्लाचे क्षार असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. या थरात ओलावा पुरेसा असला की तो लवचीक राहतो. ओलावा सुमारे दहा टक्क्यांच्या खाली गेला की तो कडक होतो, भुरकट दिसतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि वाकताना तो तडकतो.

शरीरातून बाहेरच्या हवेत पाण्याची वाफ सतत जात असते. ३० अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत मात्र जेमतेम ९ ग्रॅम. थंडीतली हवा मुळातच कोरडी असते. ती शेकोटीजवळ किंवा दुपारच्या उन्हात तापली की आणखी शोषक बनते. साबण यात भर घालतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ५ असतो. अंघोळीच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० पर्यंत जातो, आणि मळाबरोबर फटींतली स्निग्ध द्रव्येही धुऊन निघतात. लोशनमधील मुख्य घटक हीच हानी तीन वाटांनी भरून काढतात: पाणी धरून, फटी भरून आणि वरून झाकून.

पाणी धरणारे घटक

या गटात ग्लिसरीन सर्वांत जुने, स्वस्त आणि भरवशाचे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्ह तेलापासून ते वेगळे केले. वनस्पतींच्या तेलाच्या रेणूत तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनला जोडलेली असतात. साबण करताना ती सुटतात आणि ग्लिसरीन मोकळे होते. ते पाण्याचे रेणू आपल्याकडे ओढून धरते. लेबलवर ते ‘ग्लिसरीन’ किंवा ‘ग्लिसरॉल’ या नावाने, बहुधा पाण्यानंतर लगेच दिसते. सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सोडियम पीसीए, पॅन्थेनॉल आणि हायल्युरॉनिक आम्ल ही याच कामाची इतर द्रव्ये. हायल्युरॉनिक आम्लाची जाहिरात मोठी असते. पण त्याचे मोठे रेणू त्वचेवरच राहतात, आणि हातापायांच्या साध्या कोरडेपणाला ग्लिसरीन पुरते.

या गटाची एक मर्यादा आहे. हवेत ओलावा नसेल तर ही द्रव्ये त्वचेच्या खालच्या थरांतून पाणी वर ओढतात, आणि वर झाकण नसेल तर ते उडून जाते. म्हणून नुसते घट्ट ग्लिसरीन कोरड्या अंगाला चोळू नये. गुलाबपाण्यात मिसळून ते लावण्याच्या घरगुती रीतीत निदान पाण्याची सोय होते. वर तेलाचा हात फिरवला तर रीत पूर्ण होते.

युरियाचे नाव लोशनवर पाहून शेतकरी कुटुंबांना नवल वाटते. पोत्यातला युरिया आणि मलमातला युरिया यांचा रेणू एकच. पण खताचा युरिया शेतासाठी बनवलेला असतो, त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो आणि तो अंगाला लावण्याजोगा शुद्ध नसतो. मलमात ५ ते १० टक्के युरिया पाणी धरतो. २० टक्क्यांच्या वर गेला की तो कडक कातडी सैल करू लागतो. टाचांच्या मलमात त्याचे प्रमाण जास्त ठेवतात ते यामुळेच. ताज्या, रक्त येणाऱ्या भेगेवर तो झोंबतो. लॅक्टिक आम्लही असेच दुहेरी काम करते: कमी प्रमाणात ओलावा धरते, जास्त प्रमाणात मृत पेशी सोडवते.

फटी भरणारी तेले

दुसरा गट पेशींमधल्या फटींत शिरून कातडीचा खरखरीतपणा घालवतो. तिळाचे, सूर्यफुलाचे, बदामाचे आणि खोबरेल तेल, शिया आणि कोकमचे घट्ट तेल, तसेच ‘आयसोप्रोपिल मिरिस्टेट’ किंवा ‘कॅप्रिलिक ट्रायग्लिसराइड’ अशा नावांची प्रक्रिया केलेली हलकी तेले यात मोडतात. ‘सिटिल’ आणि ‘स्टिअरिल अल्कोहोल’ हीही याच गटातली. नावात अल्कोहोल असले तरी ते मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत. त्वचा सुकवणाऱ्या स्पिरिटशी त्यांचा गोंधळ करू नये.

आदिलाबाद आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यात या कामाला मोहाच्या बियांचे तेल चालत आले आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाशी बिया गोळा करायच्या, फोडून आतला गर वाळवायचा आणि तेल गाळायचे. हे तेल गोंड आणि कोलाम घरांत स्वयंपाकाला, दिव्याला आणि अंगाला वापरले जात आले आहे. त्यात ओलेइक, पामिटिक आणि स्टिअरिक ही मेदाम्ले जास्त असतात. पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांमुळे ते थंडीत थिजते आणि अंगावर जाडसर थर धरते. लोशनमध्ये दाटपणासाठी घातले जाणारे स्टिअरिक आम्ल हे अशाच तेलांतून मिळणाऱ्या आम्लांपैकी एक. खोबरेल तेलही साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणून भीमपूरच्या हिवाळ्यात बाटली शेकून घ्यावी लागते. लोशनमधली तेले पाण्यात विखुरलेली असल्याने ती थंडीतही सहज पसरतात. बाटलीचा एक फायदा हा.

सेरामाइड आणि निअ‍ॅसिनामाइड ही नावे अलीकडच्या लोशनांवर दिसतात. सेरामाइड हे फटींतल्या मूळ द्रव्यांपैकीच एक. निअ‍ॅसिनामाइड हे ब गटातील जीवनसत्त्व त्वचेला ते तयार करायला मदत करते. इसब असलेल्या किंवा फार नाजूक त्वचेला यांचा उपयोग होतो, पण त्यांची किंमतही मोजावी लागते.

वरून झाकणारे घटक

तिसरा गट वाफ अडवतो. त्यात पेट्रोलियम जेली अव्वल. अमेरिकेतील रॉबर्ट चेसब्रो यांनी तेलविहिरींच्या यंत्रांवर साचणारे काळपट मेण शुद्ध करून ती तयार केली आणि १८७२ मध्ये पेटंट घेतले. ‘व्हॅसलिन’ हे तिचे बाजारातले नाव. तिचा पूर्ण थर त्वचेतून जाणारी जवळपास सगळी वाफ रोखतो. लोशनमध्ये ती थोडी असते, म्हणून लोशन चिकट लागत नाही आणि त्याचा परिणामही तेवढा टिकत नाही. ‘मिनरल ऑइल’ किंवा ‘लिक्विड पॅराफिन’ हे पेट्रोलियमपासूनच निघालेले पातळ तेल. सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेले हे तेल त्वचेवर सहसा कसलीही प्रतिक्रिया देत नाही. पेट्रोलियम म्हणजे विष, ही समजूत इथे लागू पडत नाही. मधमाश्यांचे मेण आणि मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन हीही झाकणारी द्रव्ये. लॅनोलिनची काहींना ॲलर्जी असते. ‘डायमेथिकोन’ हे सिलिकोन चिकटपणा न आणता पातळ पडदा धरते. धुळीत आणि कापसाच्या तंतूंत काम करणाऱ्या हातांना दिवसा ते बरे, रात्री पेट्रोलियम जेली बरी.

शेकोटीभोवती बसणाऱ्यांनी एक धोका ध्यानात ठेवायला हवा. तेलकट मलमे कपड्यांत, गोधडीत मुरली की ते कापड आगीची ठिणगी पडताच लवकर आणि जोरात पेटते, आणि साध्या धुण्याने तो अंश पूर्ण जात नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये हा इशारा पॅराफिन असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही मलमांसाठी दिला. अंगाला भरपूर लावून लगेच चुलीपुढे किंवा शेकोटीला बसू नये, विडी पेटवू नये.

जुळवणारे आणि टिकवणारे घटक

पाणी आणि तेल आपणहून मिसळत नाहीत. ज्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते, असा पायसकारक दोघांना एकत्र ठेवतो. ‘ग्लिसरिल स्टिअरेट’, ‘सिटिअरेथ-२०’, ‘पॉलिसॉर्बेट’ ही त्यांची नावे. ‘कार्बोमर’ आणि ‘झँथन गम’ दाटपणा आणतात. आयुर्वेदातील शतधौत घृत याच जातीचे: तूप पाण्यात शंभर वेळा घोटून धुतले की पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात अडकतात आणि पांढरे, हलके मलम तयार होते.

जिथे पाणी तिथे जंतू आणि बुरशी वाढणार, म्हणून लोशनला परिरक्षक लागतोच. घरी कोरफडीचा गर आणि पाणी घोटून केलेले मलम काही दिवसांत खराब होते ते यामुळेच. ‘फिनॉक्सिइथेनॉल’, ‘सोडियम बेंझोएट’, ‘मिथिलपॅराबेन’ ही नेहमी दिसणारी परिरक्षके. पॅराबेन शरीरातील संप्रेरकांसारखे अत्यंत क्षीण काम करू शकतात, अशी शंका पुढे आल्यावर युरोपीय संघाने २०१४ मध्ये त्यांतील पाच प्रकार बंद केले. मिथिलपॅराबेनला ठरलेल्या मर्यादेत परवानगी राहिली. ‘मिथिलआयसोथायझोलिनोन’ आणि फॉर्मल्डिहाइड सोडणारे ‘डीएमडीएम हायडँटॉइन’ ॲलर्जी आणू शकतात, म्हणून नाजूक त्वचेसाठी टाळावे. सर्वांत जास्त त्रास मात्र सुगंधाचा होतो. ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दामागे अनेक रसायने दडलेली असतात. तान्ह्या बाळासाठी आणि इसबासाठी बिनवासाचेच लोशन घ्यावे.

लेबल कसे वाचावे?

भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणात छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. सुगंध आणि परिरक्षके सहसा एक टक्क्याच्या आसपास किंवा खालीच असतात. म्हणून बाटलीच्या पुढे केशर, बदाम किंवा कोरफडीचे मोठे चित्र असेल आणि मागे त्यांचे नाव ‘परफ्युम’च्या नंतर येत असेल, तर तो घटक नावापुरताच आहे असे समजावे. साठ मिलिलिटरपेक्षा लहान पॅकवर ही यादी देण्याची सक्ती नाही, त्यामुळे किराणा दुकानातल्या पुड्यांवर ती बरेचदा नसते. पहिल्या पाच-सहा नावांत ग्लिसरीन, एखादे तेल आणि पेट्रोलियम जेली, मिनरल ऑइल किंवा डायमेथिकोन यांपैकी एक दिसले, तर लोशन आपले काम करणार.

गोरेपणाची क्रीम ही वेगळी बाब आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण समोर आले. त्यांनी वापरलेल्या क्रीममध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाला पारा आढळला. लेबल आणि उत्पादन परवाना क्रमांक नसलेली क्रीम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कसे वापरावे?

कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करावी, साबण काखा, जांघा आणि मळलेल्या जागांपुरता ठेवावा, अंग टिपून घ्यावे आणि ते ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत लोशन लावावे. लोशन नसेल तर ओल्या अंगावर खोबरेल किंवा तिळाच्या तेलाचा हात पुरतो. टाचांसाठी पाय वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून, टिपून, वर पेट्रोलियम जेली लावून मोजे घालावेत. पायांची संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांनाही पाय भिजवून लगेच तेल किंवा जेली लावायला शिकवले जाते, कारण न जाणवणाऱ्या भेगेतून जखम खोल जाते. मधुमेह असलेल्यांनीही तेल किंवा जेली लावावी, पण पाय पाण्यात भिजवत ठेवू नयेत आणि बोटांच्या बेचक्यांत काही लावू नये. तिथे ओल राहिली की बुरशी वाढते.

नवे लोशन आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावे. कडा असलेले गोल, खाजणारे चट्टे हे नायट्याचे असू शकतात आणि फिकट, बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. भेगेतून पू येणे किंवा दोन आठवडे लोशन लावूनही खाज न थांबणे हीसुद्धा कोरडेपणापलीकडची लक्षणे आहेत. अशा वेळी बाटली बदलत बसण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.