जस्ताची पांढरी पूड आणि जंतू

लंगोटाने लाल झालेल्या बाळाच्या त्वचेला लावायचे पांढरे मलम, घामोळ्यावरचे गुलाबी कॅलामाइन आणि दंतवैद्य दात तात्पुरता भरताना वापरतात ते लवंगेच्या वासाचे सिमेंट, या तिन्हींत एक पदार्थ असतो. तो म्हणजे झिंक ऑक्साइड, जस्ताची पांढरी पूड. हीच पूड आता 'नॅनो' रूपात जंतुनाशक म्हणून पुढे येत आहे.

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. नॅनोकण शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान असतो. गळू करणारा जंतू सुमारे हजार नॅनोमीटरचा. जंतू नारळाएवढा मानला, तर हा कण फार तर बोराएवढा. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिचा अधिक भाग पाण्याला भिडतो. तसेच येथे घडते.

हे कण जंतूंवर अनेक बाजूंनी घाला घालतात. त्यांतून सुटणारे जस्ताचे आयन जंतूचा अंतर्गत कारभार बिघडवतात. प्राणवायूची दाहक रूपे तयार होऊन जंतूचे आवरण व प्रथिने यांना इजा करतात. उजेडात हे अधिक होते. शिवाय कण आवरणाला चिकटून ते फाडतात. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना शास्त्रज्ञांना या कणांचे महत्त्व वाटते ते यामुळेच.

मात्र प्रयोगशाळेतली काचेची बशी वेगळी आणि माणसाची जखम वेगळी. जखमेतील पू, रक्त व प्रथिने कणांना वेढतात, त्यामुळे त्यांचा जोर कमी होतो. खोलवरच्या जंतूंपर्यंत ते पोचतीलच असे नाही. मात्रा वाढवली, तर आपल्या पेशींनाही अपाय होतो. जस्ती पाइप वेल्डिंग करणाऱ्यास त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो, तो जस्ताच्या याच ऑक्साइडचा धूर छातीत गेल्याने. त्यावर दूध पिणे हा उपाय नव्हे. खेळती हवा आणि योग्य मास्क हवा.

तेव्हा वाचकहो, डबीवर 'नॅनो' छापले म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. रंगाच्या दुकानातील पूड जखमेवर टाकू नका. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा. मधुमेह असेल, तर पायाची लहानशी जखमही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेथे झालेला उशीर कोणतेही मलम भरून काढत नाही.