श्रावणी सोमवार आणि वाटीभर जेवण

पहाटे साडेपाच. उठल्यावर पहिली गोळी पित्तखडे होऊ नयेत म्हणून. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा खडे धरायची भीती असते, म्हणून पहिले काही महिने ती घ्यायचीच. वर कोमट पाण्याचे चार घोट, तेही थांबून थांबून. चैत्रात पुण्याला माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. जठराचा पाऊणहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. त्या नळीला घाई चालत नाही.

साडेसहा. कान्हे फाट्यावरचं आमचं दुकान उघडलं. दुधाच्या पिशव्या, पाव, पहिल्या पाळीला निघालेल्या पोरांची बिस्किटं. गल्ल्याशेजारी माझी पाण्याची बाटली असते, आणि तिच्यावर अजून औषधाचं छोटं प्लास्टिकचं टोपण उपडं घातलेलं आहे, तीस मिलीची खूण असलेलं. दवाखान्यात पाणी सुरू झालं ते याच टोपणानं. दर पंधरा मिनिटांनी एक टोपण, तेही घोट घोट. रात्रपाळीच्या सिस्टर पलंगाशी उभ्या राहून सांगायच्या, "ताई, तोंडात धरा, मग सोडा." आता टोपणाची गरज नाही, पण ते समोर असलं की हात आपोआप सावकाश होतो.

साडेआठ. घरी न्याहारी. सासूबाईंचा श्रावणी सोमवार, कढईत साबुदाण्याची खिचडी. तुपातल्या जिऱ्याचा वास आला की मन ओढ घेतंच. पोटातली भूक मात्र खरोखर कमी झालीय. भुकेचं एक संप्रेरक जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतं, तोच भाग काढलेला असतो. खायची सवय ऑपरेशनने जात नाही, ती घरातच मोडावी लागते.

म्हणून आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी केलेली एक गोष्ट मला सर्जनच्या हातोटीइतकीच मोठी वाटते. ऑपरेशनच्या आधी त्यांनी सासूबाईंना बोलावून घेतलं. "आई, स्वयंपाक तुमच्या हातात आहे, म्हणून तुमच्याशी बोलते," असं म्हणून अर्धा तास समजावलं: साबुदाण्यात नुसता स्टार्च, हिला दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत, उपवास आता हिच्याकडून नको. श्रावण पाळता का, हेही तेव्हाच विचारून घेतलं. घरात महिनाभर अंडं शिजत नाही म्हटल्यावर त्यांनी पनीर, चक्का, मोड आलेले मूग असा वेगळा तक्ता दिला. गावात परतल्यावर "सुनेला सोमवार कसा नाही?" असं कुणी विचारलं की उत्तर सासूबाईच देतात. त्यांना कुणी नीट सांगितलंच नसतं, तर रोज सकाळी या कढईपाशी भांडण झालं असतं.

मुगाचं अर्धं धिरडं आणि पनीर, वीस मिनिटं चावून. त्यानंतर अर्धा तास पाणी नाही.

दहाच्या सुमारास लोकल. लावणी उरकलेली खाचरं दोन्ही बाजूंना. पुढचंच स्टेशन वडगाव. तिथल्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली इंद्रायणी भात दिला, आणि आमच्या मावळाच्या ताटात त्याचीच रास असते. मऊ, चिकट, वासाचा. माझ्या वाट्याला आता दोन चमचे, तेही वरण-भाजी खाऊन जागा उरली तर.

बारा ते दोन, दवाखाना. शिवाजीनगरला उतरून रिक्षा. आधी वजनकाटा, मग रक्त: बी१२, लोह, ड जीवनसत्त्व, साखर. या गोळ्या आणि तपासण्या जन्मभराच्या आहेत, हे सही करण्याआधी मला स्वच्छ सांगितलं होतं. केस गळतायत म्हणून मी घाबरले होते. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होतं, प्रथिनं आणि लोह सांभाळा, परत येतील.

बाकावर शेजारी बारामतीकडची एक ताई होती, ऑपरेशन ठरायचं बाकी. तिला मेडिक्लेमची काळजी. तिला सांगितलं: विम्यात साधारणपणे बीएमआय चाळीस लागतो, किंवा पस्तीसच्या वर असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, तुमची पॉलिसी नीट वाचून घ्या. मग तिनं खरा प्रश्न विचारला. दुखतं का हो?

पहिली रात्र दुखतं. पोटावर पाच छोटी छिद्रं, आत भरलेल्या हवेमुळे खांद्यात कळ. पायांत घट्ट मोजे, पोटात इंजेक्शन, दोन्ही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. त्याच संध्याकाळी सिस्टरनी मला उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं, सलाइनचा स्टँड त्यांच्या हातात, माझा हात त्यांच्या खांद्यावर. फुंकायचं नव्हे, ओढायचं तीन गोळ्यांचं यंत्र दर तासाला. आणि रात्रभर नाडी. एवढी नाडी का बघता, मी विचारलं. शिवणीतून कुठे गळती असली तर पुष्कळदा आधी नाडी धावते, दुखणं मागाहून येतं, म्हणून. त्या बाईंना झोप नव्हती, म्हणून मला होती. त्या ताईला हे सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

साडेतीन. परतीच्या गाडीत डब्यातला चक्का.

साडेसात. सासूबाईंनी सोमवार सोडला. माझ्या वाटीत वरण, घेवड्याची भाजी, कडेला दोन चमचे इंद्रायणी. त्यांनी स्वतःच मोजून वाढला.

नऊ. दुकान बंद करताना पलीकडच्या वहिनी आल्या. "बारीक झालीस गं. मलाही करायचंय. किती खर्च?" खर्चाचं नंतर बोलू म्हटलं. आधी कान्ह्याच्या सरकारी दवाखान्यात साखर आणि बीपी तपासून घ्या, आणि मला सांगा, तुमच्या घरी चूल कोण सांभाळतं. म्हणाल्या, मोठी जाऊ. मग पुण्याला जाताना त्यांनाही सोबत घ्यायचं, असं ठरलं.