मोबाइल घेताना ‘मुदत’ विचारा

कापडाच्या धंद्यात मोबाइल आता दुकानाचे हत्यार झाला आहे. सुरत-मालेगावच्या मालाचे फोटो त्यावर येतात, गिऱ्हाईक पैसे त्यावर भरते, उधारीचा हिशेबही पुष्कळांचा त्यातच असतो. म्हणून धडधाकट फोन चार-पाच वर्षांत ‘जुना’ का ठरतो, हे व्यापारी बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

यंत्र किती टिकते, हे आम्हा ओझरकरांना सांगायला नको. येथील एच.ए.एल. कारखान्यात १९६० च्या दशकात मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. पुढे शंभराहून अधिक विमानांत नवे रडार आणि नवी यंत्रणा बसवून त्यांना ‘बायसन’ केले गेले. हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला तो २६ सप्टेंबर २०२५ रोजी. सुटे भाग आणि सुधारणा देणारा पाठीशी होता, तोवर ते उडत राहिले. मोबाइलचे आयुष्यही असेच पाठीशी कोण किती दिवस उभा आहे, यावर ठरते.

बहुतेक फोन गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. तिची साधारण दरवर्षी नवी आवृत्ती निघते. ती थेट आपल्या फोनवर बसत नाही. आतील चिप बनवणाऱ्याने ती आपल्या चिपशी जुळवावी लागते, मग फोनच्या कंपनीने प्रत्येक मॉडेलवर तपासावी लागते. यात खर्च आहे, आणि विकून झालेल्या फोनमागे कंपनीला फारशी नवी कमाई नाही. म्हणून स्वस्त मॉडेलचे अपडेट बहुधा लवकर थांबतात.

हे थांबणे तीन टप्प्यांत होते. प्रथम नव्या आवृत्त्या बंद होतात. त्याने फारसे बिघडत नाही. नंतर सुरक्षेचे अपडेट बंद होतात. फोन पूर्वीसारखाच चालतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. पण चोरांना सापडलेल्या नव्या फटी बुजत नाहीत. शेवटी अॅपवाले जुनी आवृत्ती सोडून देतात. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सअॅप १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधला काळ सर्वांत धोक्याचा, कारण त्या फोनवर बँकेचे व्यवहार बिनघोर चालू असतात.

काही कंपन्या आता मुदत वाढवीत आहेत. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस-२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. हे फोन महागडे आहेत. युरोपात २० जून २०२५ पासूनच्या नियमांनी स्वस्त फोनलाही, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे अपडेट देणे भाग पडले आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही, तेव्हा ग्राहकानेच जागे राहावे.

फोन घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. मॉडेल बाजारात कधी आले? नव्या आवृत्त्या किती वर्षे मिळणार? सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? मुदत बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षे पडून राहिलेले मॉडेल सवलतीत मिळाले, तर त्याची दोन वर्षे आधीच खर्च झालेली असतात. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून पाहावे. दहा हजारांचा फोन दोन वर्षे आणि पंधरा हजारांचा पाच वर्षे चालणार असेल, तर स्वस्त कोणता ते उघड आहे.

हातातल्या फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर न्यावेत. हिशेबाची नक्कल बाहेर ठेवावी. जुना फोन विकण्यापूर्वी खाती बंद करून तो पूर्ण पुसावा. आणि उधारीची वही, दोस्तहो, अजून कोणत्याही आवृत्तीने जुनी केलेली नाही.