बिऱ्हाड हलवताना काय मागे राहतं?

2019च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि निषेध म्हणून भारतातले अनेक जण मॅस्टोडॉन या छोट्या-छोट्या सर्व्हरांच्या समाजमाध्यमावर गेले. ऑक्टोबर 2022मध्ये इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरातून तिकडे त्याहून मोठी रीघ लागली. दोन्ही वेळा बरेच जण लवकरच गप्प झाले. त्यावरून ‘छोट्या वस्त्या टिकत नाहीत’ म्हणणं घाईचं आहे. माणसं परतली ती बहुधा गोतावळा जुन्या जागीच होता म्हणून. वस्तीची बांधणी कच्ची होती म्हणून नव्हे.

मॅस्टोडॉनची बांधणी ईमेलसारखी आहे. जीमेलवरून याहूला पत्र जातं, तसा एका सर्व्हरवरचा मजकूर दुसऱ्यावर पोचतो, कारण सगळे ॲक्टिव्हिटीपब ही एकच बोली बोलतात. नियम ज्याच्या त्याच्या सर्व्हरचे. एखादा सर्व्हर शिवराळ निघाला, तर बाकीचे त्याला सरळ वाळीत टाकतात. पण सर्व्हर चालवणाराच कंटाळला तर? शंका रास्त आहे. मॅस्टोडॉन डॉट लोल हा सर्व्हर 2023मध्ये बंद झालाच. मात्र खातं रीतसर हलवलं, की फॉलोअर नव्या पत्त्यावर येतात. जुन्या पोस्ट जुन्या सर्व्हरवरच राहतात, ही उणीव खरीच. ट्विटर (आताचं एक्स) सोडताना तर फॉलोअरही मागे राहतात. तेव्हा जायचंच असेल, तर चार ओळखीचे बरोबर घ्या आणि सर्व्हरचा खर्च कोण भागवतं, ते आधी विचारा.