ऑकलंडमधला उलटा लेंट

'लेंट' हा शब्द वसंताच्या जुन्या इंग्रजी नावावरून आलाय. त्याच्या मुळाशी दिवस लांबत जाण्याची कल्पना आहे. ऑकलंडमध्ये मात्र लेंट उन्हाळा सरताना सुरू होतो आणि दिवस आखूड होत जातात. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला, ईस्टर ५ एप्रिलला. त्याच पहाटे न्यूझीलंडची घड्याळं एक तास मागे जातात. मग उजेडाकडे नेणारा हा काळ तिथे खोटा ठरतो का? मराठी ख्रिस्ती घरांत त्याला 'उपवासकाळ' म्हणतात. या नावात ऋतूच नाही: रविवार वगळून चाळीस दिवस, सगळ्यांनी मिळून प्रार्थना, उपवास, दानधर्म. वसईच्या उकाड्यात आणि ऑकलंडच्या गारव्यात तो सारखाच पाळता येतो.