या, दोन घास खा

माझी भाची अमेरिकेत ह्यूस्टनला असते. गेल्या हिवाळ्यात ती मेक्सिकोतल्या इस्ला मुहेरेस नावाच्या बेटावर सुटीला गेली होती. नावाचा अर्थ 'बायकांचं बेट'. कॅन्कूनहून बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर, लांबीला जेमतेम सात किलोमीटर. परतल्यावर तिने फोन केला आणि समुद्र राहिला बाजूला, तासभर जेवणावरच बोलली. पहिले दोन दिवस किनाऱ्यावरच्या हॉटेलात सँडविच खाऊन कंटाळली, तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत शिरली आणि बेटावरचे लोक दुपारी जेवतात ती खानावळ तिला सापडली. तिकडे तिला 'कोसिना एकोनोमिका' म्हणतात, म्हणजे स्वस्तातलं स्वयंपाकघर. सूप, भात, एखादं कालवण, तोर्तिया आणि फळाचं सरबत, सगळं मिळून एकच दर. आज जे शिजलं तेच पानात.

"मामा," ती म्हणाली, "आता आजोळी आले की सायखेड्यात मला अशी जागा दाखव. गावातले लोक जेवतात तिथे जेवायचंय."

मी 'हो' म्हणून बसलो आणि फोन ठेवल्यावर विचारात पडलो. सायखेड्यात जन्मभर ये-जा केली. पण गावातले लोक जेवतात कुठे? घरी! आणि घरी नसतील तेव्हा? त्याचा शोध घ्यायला मी वहीपेन घेऊन निघालो, तो आधी बाजारात गेलो.

फाळक्यावरची बुक्की

सायखेडा निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. पूल ओलांडला की चांदोरी आणि नाशिकहून निफाड-येवल्याकडे जाणारा मोठा रस्ता. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा इथे उपबाजार आहे. कांद्याच्या भावांच्या रोजच्या यादीत 'पिंपळगाव (ब) - सायखेडा' अशी वेगळी ओळच असते. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी थांबतात, ढिगात हात घालून दोन कांदे उचलतात, दाबून पाहतात, बोली पुकारतात आणि पुढे सरकतात. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल मिनिटाभरात लागतो. त्याआधीची वाट पाहणं मात्र तासन्‌तास.

त्या वाट पाहण्यातच जेवण होतं. एका ट्रॉलीच्या सावलीत एक जोडपं बसलं होतं. फडक्याची गाठ सुटली. आत बाजरीच्या भाकरी, मधोमध ठेच्याचा हिरवा गोळा. गृहस्थांनी पिशवीतून कांदा काढला, ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवला आणि वरून बुक्की हाणली. कांद्याच्या पाकळ्या सुट्या झाल्या, तिखट पाणी पत्र्यावर ओघळलं. सुरीने कापलेला कांदा डोळ्यांत पाणी आणतो. बुक्कीने फोडलेल्याचा झणका आधीच अर्धा वाहून जातो आणि दाताखाली येतं ते गोडसर राहतं. माझी नजर गेली ती कांद्याच्या आकारावर. ट्रॉलीत एकसारखा, टपोरा, पत्ती धरलेला माल. खायला आणलेली मात्र गोल्टी, म्हणजे बारीक कांदे. चांगला माल विकायचा आणि गोल्टी घरात खायची, हा या तालुक्यातला अलिखित नियम. 'इथला खास पदार्थ' कुणी विचारलाच, तर पहिलं उत्तर तेच द्यावं लागेल.

"या, दोन घास खा," ते म्हणाले. मी शहरी सवयीने "चालू द्या" म्हणालो आणि पुढे गेलो.

हॉटेल म्हणजे काय

आमच्याकडे 'हॉटेल' या शब्दात राहायची सोय धरलेली नसते. दोन बाकडी, एक भट्टी, उकळता चहा, परातीत भजी आणि पातेल्यात मिसळीचा रस्सा, एवढं असलं की ते हॉटेल. लिलाव चालू असताना तिथे हमाल, मापारी, ड्रायव्हर, शेतकरी सगळे एकाच बाकावर बसतात. नाशिकची मिसळ आता सहलीचा विषय झाली आहे. शहराभोवती द्राक्षबागांत, झोपाळ्यांच्या सोबतीने, चुलीवरची म्हणून ती विकली जाते आणि रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. ती मिसळ वाईट नाही. पण ती रविवारची मिसळ. बाजारातली मिसळ मंगळवारची असते. तिच्यावर पोटभर पाव खाऊन माणूस तीन वाजेपर्यंत पोती उचलतो. मोडाची मटकी, फरसाण, बारीक चिरलेला कांदा, भाजलेला किंवा तळलेला पापड, आणि रस्सा मागाल तितका. रस्सा पातळ असतो, कारण तो पुन्हा पुन्हा वाढायचा असतो.

दुसरी वस्तू भेळभत्ता. मुंबईच्या भेळेचा आणि याचा संबंध नावापुरता. इथे चिंचेची चटणी नसते. मुरमुरे, शेव, गाठी, फरसाण कागदावर ओततात, वर कच्चा कांदा आणि मीठ लावून तळलेल्या मिरच्या. चौघं जण एकाच कागदाभोवती बसतात आणि हाताने खातात. सोबत घरी न्यायला गोडीशेव किंवा जिलबीचा पुडा. बाजारात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, तर पोरं दारातच तोंड फिरवतात. भाचीला हे आठवत असणार. तिच्या आजोळच्या आठवणींपैकी निम्म्या त्या तेलकट कागदातल्या आहेत.

परदेशी ठेचा, देशी मासा

भाचीने त्या बेटावर 'टिकिन शिक' नावाचा मासा खाल्ला. माया लोकांची ही जुनी रीत. मासा उभा चिरून पसरायचा, त्याला आचिओतेच्या बियांचा लाल लेप आणि आंबट संत्र्याचा रस लावायचा, केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर भाजायचा. आचिओते म्हणजे आपली शेंदरी. तिचं मूळ अमेरिका खंडातलं. पण आंबट संत्रं? ते आशियातलं, स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलेलं. केळही आशियातलं. वर पसरलेला गुलाबी कांदा, जो युकातानमध्ये जवळजवळ प्रत्येक पानावर आंबट रसात मुरवून येतो, तोही जहाजातूनच गेलेला. तरीही त्या माशाला बेटाबाहेरचा म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

आता आपला ठेचा पाहू. मिरचीचं मूळ मेक्सिकोच्या परिसरात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी, आल्यातून. 'मिरची' या शब्दातच मिरीची आठवण राहिली आहे. टोमॅटो तिथलाच, त्याचं नाव अ‍ॅझटेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलेलं. आज पिंपळगाव बसवंतला हंगामात टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर उभे राहतात. आणि मका तर नैर्ऋत्य मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसाने रानगवतातून घडवला.

मक्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. निफाड तालुक्यात खरिपात मका उदंड होतो. पावसाळ्यात कणीस भाजून खाल्लं जातं. बाकीचा बहुतेक माल कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. मेक्सिकोत मका हेच जेवण. पण तिथली बाई तो नुसता दळत नाही; आधी चुन्याच्या पाण्यात शिजवते, रात्रभर भिजवते, साल काढते आणि मग वाटते. अशा मक्याला 'निक्स्तामाल' म्हणतात. चुन्यामुळे दाण्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपाने मका उचलला पण चुना मागेच ठेवला, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा आणि बुद्धिभ्रंशाचा आजार पसरला. युनेस्कोने २०१० साली मेक्सिकोची पारंपरिक पाककला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्यात ही रीत केंद्रस्थानी आहे. बी बोटीतून जातं. हातातली रीत सोबत गेली नाही तर पोट फसवलं जातं.

आमच्या हाताने बाजरी राखली. बाजरीचं पीठ चिकट नाही, शिळं झालं की कडवट होतं. म्हणून थोडंथोडंच दळायचं, गरम पाण्यात मळायचं, थापून तव्यावर टाकायची, वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. बाजरी आफ्रिकेतली, चार-एक हजार वर्षांपूर्वी इकडे आलेली. मिरची पाचशे वर्षांची. थापणारा हात मात्र इथला.

पुरातलं बेट

सायखेड्यालाही वर्षातून काही दिवस बेटाचा अनुभव येतो. वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, नाशिकला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं, की इथे काय होणार ते गावाला कळतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्याला पुराने वेढलं. पुलाला पाणवेलींचे तांडे येऊन अडकतात, वाहतूक थांबते आणि दूध, भाजी, पाव सगळंच अडतं.

तेव्हा घरात काय शिजतं ते पाहावं. भाजीवाली येणार नाही हे गृहीत धरून उन्हाळ्यात केलेली तयारी डब्यांतून बाहेर येते: कुरडया, सांडगे, वाळवलेली गवार. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे तर याच दिवसांसाठी असावेत. पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, तळहातावर वळून बोटाएवढी वेटोळी करायची, उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. भाजी नको, पोळी नको, एका पातेल्यात सगळ्या घराचं जेवण. कुरडईला गहू लागतो, आणि गव्हाबाबत निफाड कुणाचं ऐकणार नाही. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातून निघालेले 'त्र्यंबक' आणि 'तपोवन' हे वाण राज्यभर पेरले गेले.

नदी खाली नांदूर मध्यमेश्वरला अडते. तिथे गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिशकालीन बंधारा आहे. गाळ साचत गेला, मधे उंचवटे तयार झाले, पाणवनस्पती वाढल्या, आणि पाखरांना ती बेटं आवडली. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन लोक येतात, चापडगावच्या बाजूने पाणथळ पाहतात आणि दुपारी विचारतात, "इथला मासा मिळेल का?" मिळतो. पण 'इथला' म्हणून ताटात बहुधा येते ती चिलापी. मूळ आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि तळ्या-धरणांत पसरली. मेक्सिकोच्या जलाशयांतही ती १९६० च्या दशकात अशीच परकी म्हणून शिरली. जाणकार गिऱ्हाईक मात्र मरळ किंवा वाम आहे का ते आधी विचारतं, आणि 'आज नाही' असं उत्तर मिळालं तर चिलापीवर समाधान मानतं. रस्सा मात्र काळ्या मसाल्याचाच.

पंचांग हेच मेनूकार्ड

हिंडून झाल्यावर माझ्या वहीत हॉटेलांची नावं कमी आणि तिथी जास्त निघाल्या. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदे नवमी: चातुर्मास पाळणाऱ्या घरांत त्या दिवशी कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, भरलेले कांदे असं सगळं एकदाच खाऊन घेतात, कारण पुढे चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद. ज्या तालुक्याच्या चाळींत कांदाच कांदा, तिथे तो न खाण्याचं व्रत! मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवला की वांगं पुन्हा ताटात येतं. तोवर थंडी पडलेली असते, निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी येते आणि भाकरी-भरताची खरी चव लागते. त्यामागून जानेवारीपासून द्राक्षं. श्रावणात येऊन मासा मागणाऱ्याला आणि मे महिन्यात भरीत शोधणाऱ्याला गाव दोष देत नाही. फक्त हा पाहुणा आहे हे ओळखतं.

म्हणून भाचीला पत्ता देण्याऐवजी वेळ सांगायचं ठरवलं. चंपाषष्ठीच्या आसपास ये. लिलावाच्या दिवशी सकाळी उपबाजारात जा, आधी चहा-भजी खा, अकराच्या पुढे ट्रॉल्यांमधून फिर.

मीही तेच केलं होतं. परतताना त्या जोडप्यापाशी पुन्हा आलो. भाव फुटला होता. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फडकं अजून उघडंच होतं. बाईंनी भाकरीचा चतकोर मोडून पुढे धरला. "बसा ना भाऊ, मघापासून हिंडताय." आता मात्र मी बसलो. त्यांनी माझ्यासाठी आणखी एक गोल्टी फाळक्यावर ठेवली.

भाचीला लिहिलेल्या निरोपात शेवटची सूचना तेवढीच आहे. कुणी "या जेवायला" म्हटलं, तर पहिल्यांदा "चालू द्या" म्हणायचं, ती रीत आहे. दुसऱ्यांदा म्हटलं की चपला काढून बसायचं.